कार्यवृत्तात मामांचं नाव

आमच्या सभागृहाला तशी पाच दारं आहेत, पण मतदानाच्या वेळी चार बंद करतात आणि आमदारांना आत यायला एकच उरतं. त्या एका दाराशी एकतीस वर्षं एक माणूस उभा होता. सगळे त्याला मामा म्हणत. मंत्री मामा म्हणत, उपाहारगृहातला चहावाला मामा म्हणे, आणि मामांहून वयाने मोठे असलेले दोन-तीन आमदारही बिनदिक्कत मामाच म्हणत. त्यांचं खरं नाव काय, हे विचारायची पाळी कुणावर कधी आली नाही.

मी तिथे प्रतिवेदक आहे. म्हणजे सभागृहात जे बोललं जातं ते मधल्या मेजाशी बसून लघुलिपीत उतरवून घेते. ते मग टंकलं जातं, छापलं जातं आणि जाड पुठ्ठ्याच्या बांधणीत कपाटात जाऊन बसतं. त्याला कार्यवृत्त म्हणतात. शिव्या गाळायच्या, खोकला गाळायचा आणि खोटं जसंच्या तसं ठेवायचं, असे आमच्या कामाचे साधारण नियम. माझी खुर्ची बरोबर त्या दारासमोर. त्यामुळे बावीस वर्षं मी मान वर केली की मामा दिसत.

त्यांचं काम सांगायला सोपं होतं. एखाद्या प्रश्नावर डोकी मोजायची वेळ आली की अध्यक्ष घंटा द्यायला सांगतात. ती तीन मिनिटं वाजते. वाचनालयात वाजते, जिन्यावर वाजते, संडासातही वाजते. आमदार असेल तिथून हातातलं टाकून धावत सुटतो. घंटा थांबली की मामा दार ओढून घेत, पितळेची कडी सरकवत आणि दाराला पाठ लावून उभे राहत. मग निकाल जाहीर होईपर्यंत ते उघडायचं नाही. "घंटा वाजते तोवर दार त्यांचं, थांबली की माझं," असं ते म्हणत, आणि हे म्हणताना त्यांची छाती दोन बोटं तरी फुगे.

धावत येणाऱ्याचं तोंड ते बघतच नसत. घंटा सुरू झाली की नजर उंबऱ्यावर. "तोंड बघितलं की हात जड होतो, ताई," मला एकदा म्हणाले. "पायांचं तसं नसतं. पाय कुणाचेही असोत, धावताना सगळे सारखेच केविलवाणे." सव्वाशे आमदारांना ते पायांतल्या जोड्यांवरून ओळखत. कुणी नवे बूट घेतले की बायकोच्या आधी मामांना कळे.

एकदा एका जाडजूड आमदारांच्या कोटाचं टोक दारात अडकलं. कोट आत, आमदार बाहेर. ते बाहेरून दार बडवत होते, आत मोजणी चालली होती, आणि मामा त्या टोकाकडे ढुंकूनही न बघता उभे होते. वीस मिनिटांनी निकाल लागला, दार उघडलं, तेव्हा आमदार घामाघूम आणि कोट चुरगळलेला. तक्रार झाली. अध्यक्षांनी नियम वाचून दाखवला आणि तक्रार केराच्या टोपलीत गेली. मामांनी त्या दिवशी चहा दोनदा घेतला.

असंच दार त्यांनी हसरे साहेबांच्या तोंडावरही लावलं होतं. हसरे साहेब हे आम्ही कर्मचाऱ्यांनी ठेवलेलं नाव. गृहस्थ सदैव हसतमुख. कुणाची नोकरी घालवायची असली तरी आधी चहा पाजणार. नऊ वर्षांपूर्वी ते दोन पावलांनी उशिरा आले, त्यांच्या गटाचा ठराव पडला. निकालानंतर आत येऊन त्यांनी मामांची पाठ थोपटली. "वा मामा, माणूस असावा तर असा." मामांनी ती थाप महिनाभर सगळ्यांना सांगितली. मीही त्यांचं कौतुक केलं. आम्हाला वाटलं, मोठ्या मनाचा माणूस आहे. आम्ही दोघंही इतकी वर्षं राजकारण्यांत काढून मठ्ठच राहिलो होतो.

अधिवेशन संपलं की आमदार कर्मचाऱ्यांना काही ना काही देत. डायऱ्या, पेनांचे संच, भिंतीवरची घड्याळं, मिठाईचे डबे. आम्ही सगळे घेत असू. माझ्याकडे चौदा डायऱ्या होत्या. एकीत मी किराणा लिहीत असे आणि बाकीच्या कोऱ्या. मामा मात्र आलेलं दुसऱ्या दिवशी परत नेऊन देत, वर "राग मानू नका साहेब" म्हणत. यामुळे आमदारांना ते तऱ्हेवाईक वाटत, पण कर्मचाऱ्यांना ते डोळ्यांत सलत. मान वाकडी करून "आले सत्यवादी" असं त्यांच्या पाठीमागे म्हणणाऱ्यांत मीही होते. हे आता कबूल करायला काही लागत नाही, म्हणून करते.

त्या माणसाला आयुष्यात एकच हाव होती. सभागृहाचा कर्मचारी निवृत्त होतो त्या दिवशी अध्यक्ष उभे राहून दोन वाक्यं बोलतात. त्याचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं स्वच्छ वाचतात. आमदार बाकं वाजवतात. ते सगळं कार्यवृत्तात छापून येतं. एकतीस वर्षं इतरांचे शब्द ज्या दारातून आत गेले, त्या दाराच्या माणसाला हे एवढंच हवं होतं. पंधरा महिने आधी त्यांनी मला एक चिठ्ठी आणून दिली. वहीचा चतकोर कागद, त्यावर निळ्या शाईत ठसठशीत अक्षरात तीन शब्द: त्यांचं नाव, वडिलांचं, आडनाव.

"तुमच्याजवळ असू द्या, ताई. त्या दिवशी गडबडीत चुकायला नको."

"मामा, अजून सव्वा वर्ष आहे."

"कागद काय खायला मागतोय?" ते म्हणाले. मग जरा घुटमळून, "बाकं वाजली तेही लिहितात ना?"

"लिहितात. कंसात."

"मग झालं."

मामींनी त्या दिवसासाठी प्रेक्षकांच्या सज्ज्यात बसायचं ठरवलं होतं. नवऱ्याचं सभागृह त्यांनी कधी आतून पाहिलं नव्हतं. कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. मी गेले की मामी म्हणत, "तिथे कडीचे राजे, आणि इथे दार सताड उघडं टाकून बसतात. कडी लावा म्हटलं तर म्हणे, मी सुट्टीवर आहे." मामा ऐकून गालात हसत आणि दार खरंच लावत नसत.

आता बुटांचं सांगायला हवं. सगळं तिथूनच बिघडलं.

सरकार दर दोन वर्षांनी मामांना गणवेशाचे बूट देई. ते टणक असत आणि नेहमी एका मापाने लहान असत. दिवसभर उभं राहून त्यांचे पाय सुजत. शेवटच्या जोड्याचा तळ फाटला तेव्हा पुढचा मिळायला चौदा महिने होते. मामांनी आत पुठ्ठा कापून घातला. पावलाचा आवाज बदलला, एवढंच मला कळलं होतं. मास्तरीणबाईंना मात्र दिसलं. ह्या एका लहान गावच्या आमदार. पंचवीस वर्षं शाळेत शिकवून मग निवडून आलेल्या, गुडघ्याने अधू, हातात काठी, पायांत करड्या रंगाचे कापडी बूट. कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण मत द्यायची वेळ आली की ताठ.

त्यांनी बूट आणले. काळे, मऊ तळाचे, एक माप मोठे. मामांनी तीनदा परत केले. चौथ्यांदा त्यांनी ते मामांच्या स्टुलाखाली ठेवले आणि म्हणाल्या, "मामा, मी पंचवीस वर्षं मुलांच्या पायांकडे बघत आलेय. फाटका बूट दिसला की मला भाषणात लक्ष लागत नाही. घाला मुकाट्याने."

मामा बूट हातात घेऊन माझ्याकडे आले. दुपारची सुट्टी होती, मी डबा खात होते.

"ताई, खरं सांगा. हे घेतलं तर लाच होते का?"

मी हसले. "लाच कसली, मामा? बूट आहेत. पाय बघा तुमचे. घाला."

"तुम्ही म्हणताय म्हणून घालतो," ते म्हणाले.

तिथेच बसून त्यांनी ते घातले आणि दोनदा पाय आपटून पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर जे सुख उमटलं ते पाहून मला बरं वाटलं. ते बरं वाटणं मला पुढे फार महागात पडायला हवं होतं. पडलं मामांना.

त्यानंतर वर्षभरात भ्रष्टाचारविरोधी विधेयक आलं. राज्यात दोन घोटाळे उघडकीला आले होते, एक पूल कोसळला होता, लोक खवळले होते. काहीतरी करणं भाग होतं. विधेयकात लिहिलं होतं की कोणत्याही लोकसेवकाने कामाशी संबंध असलेल्या माणसाकडून कोणतीही वस्तू घेणं किंवा घेतलेली जवळ बाळगणं हा गुन्हा. शिक्षा म्हणजे नोकरी, निवृत्तिवेतन आणि सरकारी घर, तिन्ही जाणार. आणि लोकसेवक म्हणजे शिपायापासून मुख्यमंत्र्यापर्यंत सगळे, आमदारही त्यात. मास्तरीणबाईंनी त्याच्या बाजूने जे भाषण केलं तसं मी बावीस वर्षांत दुसरं उतरवलेलं नाही.

मतदानाच्या दिवशी दुपारी हसरे साहेबांनी एक लहानशी दुरुस्ती मांडली. इतकी लहान की कार्यवृत्तात ती दीड ओळीत मावली. लोकसेवक या शब्दात आमदार धरले जाणार नाहीत. कारण असं की आमदार हा जनतेचा प्रतिनिधी आहे, सेवक कसा म्हणता येईल, त्याने जनतेचाच अपमान होतो. हे ते हसत बोलले. मी न हसता उतरवून घेतलं.

दुरुस्तीच्या बाजूने अठ्ठावन्न आणि विरोधात अठ्ठावन्न, हे सभागृहातल्या पंख्यांनाही ठाऊक होतं. आणि आमच्याकडे नियम आहे की मतं समसमान पडली तर दुरुस्ती पडते. विरोधातलं अठ्ठावन्नावं मत मास्तरीणबाईंचं. गुडघ्याला शेक द्यायला त्या तासाभरासाठी तळमजल्यावरच्या दवाखान्यात गेल्या होत्या. अध्यक्षांनी घंटा द्यायला सांगितलं. त्याच क्षणी लिफ्ट बंद पडली. ती तीन मिनिटं बंद राहिली आणि मग आपोआप चालू झाली. त्याआधी आणि त्यानंतर ती बंद पडल्याची कुठे नोंद नाही.

मी बघत होते. मामा मान खाली घालून उंबऱ्याकडे पाहत उभे. एकेक जोडा धावत आत येत होता. मग पावलं थांबली. घंटा चालूच. उघड्या दारातून मला पलीकडे जिन्याचं टोक दिसत होतं. तिथे काठी दिसली, मग मास्तरीणबाई. दोन मजले चढून आलेल्या, चेहरा लालबुंद, केस सुटलेले. त्या धावत नव्हत्या, त्यांना धावता येत नव्हतं, पण त्या ज्या तऱ्हेने चालत होत्या ते पाहून मी पेन्सिल घट्ट आवळली. दहा पावलं. सहा पावलं. घंटा थांबली.

त्या वेळी दारापासून त्यांचं अंतर चार पावलांचं होतं. मामांच्या नजरेसमोर ते करडे कापडी बूट आणि काठीचं रबर नक्की होतं. मामांनी दार ओढलं आणि कडी सरकवली.

बाहेरून कुणी दार वाजवलं नाही. मास्तरीणबाईंनी नियम वाचलेले होते.

अठ्ठावन्न विरुद्ध सत्तावन्न. आमदार कायद्यातून सुटले. मग दहा मिनिटांत मूळ विधेयक एकमताने मंजूर झालं, कारण आता त्याला विरोध करायचं कुणालाच कारण उरलं नव्हतं. बाकं इतकी वाजली की माझ्या मेजावरची शाई हिंदकळली. मी कंसात लिहिलं: सदस्यांनी बाके वाजवली.

संध्याकाळी मामा पायऱ्यांवर बसले होते. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. मला राग आला होता आणि तो मी लपवला नाही.

"चार पावलं, मामा. घंटा थांबल्यावर कडीला हात जायला एवढा वेळ तर लागतोच. लागला असता थोडा जास्त. कुणाला कळलं असतं?"

"मला."

"त्या बाईंनी तुमचे पाय वाचवले."

"म्हणूनच, ताई," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाचे पाय असते, तर हात अर्धा श्वास रेंगाळला असता कदाचित. माझ्या पायात त्यांचे बूट होते. मी थांबलो असतो तर ते बूट बूट राहिले नसते."

त्यांचं बरोबर होतं, आणि ते बरोबर होतं याचाच मला संताप आला.

कायदा त्याच आठवड्यात लागू झाला. कार्यालयात एकदम स्वच्छतेचं वारं शिरलं. इमारतीमागच्या कचराकुंडीत घड्याळं, चामडी पाकिटं, पेनांचे संच आणि डायऱ्यांचे ढीग दिसू लागले. सफाई कामगारांनी त्यांतलं काही उचलायचंही नाकारलं, उगाच बाळगल्याचा आळ यायचा. माझ्या चौदा डायऱ्यांपैकी तेरा मी दोन खेपांत नेऊन टाकल्या आणि किराण्याची चौदावी फाडून जाळली. मामा मात्र तेच काळे बूट घालून दाराशी उभे. कायद्याची प्रत त्यांनी वाचली होती. म्हणाले, "बरं झालं. चोरांना जरब बसेल."

मला बूट दिसत होते. 'जवळ बाळगणं' हे शब्द मीच उतरवले होते. त्यांना सांगायचं राहून गेलं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत आले. राहून वगैरे गेलं नाही. मी सांगितलं नाही. सांगायचं तर माझ्या डायऱ्यांचाही विषय निघाला असता, आणि जो माणूस परत करत आला होता त्याच्यासमोर मला तो काढायचा नव्हता.

नव्या कायद्याला पहिला गुन्हेगार लवकर हवा होता. वर्तमानपत्रं रोज विचारत होती. पंधराव्या दिवशी निनावी अर्ज आला. टंकलेला, अत्यंत नम्र भाषेत. दारावरच्या कर्मचाऱ्याच्या पायांतले बूट पाहावेत, अशी विनंती.

चौकशी समिती खोली क्रमांक चारमध्ये बसली. तीन अधिकारी, एक जग पाणी, आणि नोंद घ्यायला मी. मी टाळायचा प्रयत्न केला. प्रमुखांनी विचारलं, "काही विशेष कारण?" मी म्हणाले, नाही.

बूट मेजावर ठेवले होते, खाली वर्तमानपत्र पसरून. मामा पायमोज्यांत उभे होते. उजव्या अंगठ्याला मामींनी केलेली रफू दिसत होती.

"हे तुमचे?"

"हो."

"विकत घेतले?"

"नाही. मास्तरीणबाईंनी दिले."

"बदल्यात त्यांनी काय मागितलं?"

"काही नाही."

"बदल्यात तुम्ही काय दिलंत?"

मामांनी खरंच विचार केला. "त्यांच्या तोंडावर दार लावलं."

अध्यक्षस्थानचा अधिकारी माझ्याकडे वळला. "हे विषयाला सोडून आहे. गाळा." मी गाळलं.

"घेताना हे चूक आहे असं वाटलं नाही? कुणाला विचारलंत?"

माझी पेन्सिल कागदावर टेकलेली होती. मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते आपल्या पायांकडे पाहत होते.

"कुणालाच नाही," ते म्हणाले. "माझं मीच ठरवलं."

त्या माणसाच्या आयुष्यातलं माझ्या माहितीतलं हे एकमेव खोटं. ते मी सुवाच्य लिहून घेतलं. नोंद घेणाऱ्याने बोलायचं नसतं. मी बोलले नाही. त्या दिवशी मला नियमाची सावली मिळाली आणि मी तिच्यात निवांत बसले.

अजून एक वाट होती. मास्तरीणबाईंनी जर सांगितलं असतं की मामांनी बुटांची किंमत दिली होती, तर प्रकरण तिथेच संपलं असतं. मी त्यांच्या खोलीवर गेले. खूप बोलले, शेवटी हात जोडले.

"एवढंच म्हणा, बाई. किंमत घेतली म्हणा."

त्या खिडकीशी गुडघा धरून बसल्या होत्या. "मी पंचवीस वर्षं मुलांना सांगितलं, खोटं बोलू नका. तुम्ही मला आता हे सांगायला आलात?"

"माणूस आयुष्यातून उठेल."

"मला कळतं. माझं डोकं बधिर झालंय." मग म्हणाल्या, "चार पावलांवर होते मी. ते थांबले नाहीत. ते बरोबरच होतं ना? मग मी कोणत्या तोंडाने वाकू?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी समितीसमोर ताठ उभं राहून सांगितलं, बूट मीच दिले, किंमत घेतली नाही. त्यांच्यावर कारवाई होऊ शकली नाही. त्या आमदार होत्या, आणि दुरुस्तीने आमदार कायद्याबाहेर गेले होते. ज्या दुरुस्तीविरुद्ध त्या काठी टेकत दोन मजले चढल्या, तिनेच त्यांना वाचवलं. हे ऐकून त्या समितीसमोर रडल्या. रडणं मी लिहिलं नाही, तसा नियम नाही.

सरळ माणसांचा मला इतका राग कधी आला नव्हता. लबाडांना काही करावं लागलं नाही. एक लिफ्ट तीन मिनिटं थांबवली आणि एक अर्ज टाकला. बाकी सगळं आम्ही प्रामाणिक लोकांनी आपल्या हातांनी, नियमाने, एकमेकांच्या गळ्याला सुरी लावून पार पाडलं.

निवृत्तीला तीन महिने असताना मामांना काढून टाकलं. निवृत्तिवेतन गेलं. घर पंधरा दिवसांत खाली करायचं होतं. बूट पुरावा म्हणून जमा राहिले, गणवेशाचे सरकारी बूट सरकारला परत गेले, आणि मामा रबरी चपला घालून कार्यालयातून बाहेर पडले. कर्मचारी खिडक्यांत उभे होते. कुणी खाली उतरलं नाही. मी उतरले, पण फाटकापर्यंत जाऊन परत फिरले.

नंतरच्या अधिवेशनाच्या पहिल्याच सकाळी हसरे साहेब निवेदन करायला उठले.

"अध्यक्ष महोदय, कायदा कागदावरच राहील असं म्हणणारे म्हणत होते. मला सांगायला अभिमान वाटतो की सुरुवात आम्ही आमच्याच दारापासून केली." आणि त्यांनी हातातल्या कागदावरून मामांचं नाव वाचलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. सावकाश, एकेक अक्षर सुटं करत, कुणाच्या सत्काराला वाचावं तसं.

बाकं वाजली. एका बाजूने सुरुवात झाली आणि दुसऱ्या बाजूलाही थांबवेना, कारण भ्रष्टाचाराविरुद्ध बाक न वाजवणारा म्हणून कुणाला दिसायचं नव्हतं. मास्तरीणबाई उठून उभ्या राहिल्या आणि बोलू लागल्या. "ते बूट मी दिले होते. त्या माणसाने—" अध्यक्षांनी परवानगी दिली नव्हती. परवानगीशिवाय बोललेलं लिहायचं नसतं. मी पेन्सिल खाली ठेवली. त्या मिनिटभर बोलत राहिल्या आणि मग बसल्या.

दुपारी टंकलेखनाआधी नावं पडताळायची असतात. मी खण उघडला. निळ्या शाईची चिठ्ठी पेन्सिलींच्या डबीखाली होती. तिच्यावरून अक्षरन् अक्षर ताडून पाहिलं. हसरे साहेबांनी नाव बरोबर वाचलं होतं.

महिन्याभराने मामी आल्या. सज्ज्यात गर्दी नव्हती, सभागृह रिकामं होतं, कामकाज दुपारनंतर होतं. दोघं आता मामींच्या भावाकडे मागच्या खोलीत राहत होती. मामी वाळल्या होत्या, पण केस नीट विंचरलेले आणि साडी कडक. त्या माझ्या मेजाशी येऊन उभ्या राहिल्या आणि सगळीकडे बघत होत्या. दाराकडे जरा जास्त वेळ बघितलं.

"इथे उभे राहायचे का हो?"

"हो. तिथेच."

"छापून आलंय म्हणतात," त्या म्हणाल्या. "त्यांना ते पान हवंय. तुम्ही द्याल म्हणाले."

"मामी, कशाला ते—"

"द्या. एकतीस वर्षं मागत होते."

मी पान काढून दिलं. त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवून ओळ शोधली आणि नावावर बोट थांबवलं. तीन शब्द दोनदा वाचले.

"बरोबर आहे. पूर्ण आलंय." त्यांचं बोट पुढे सरकलं. "हे कंसात काय आहे?"

मी सांगितलं.

"तेही विचारलं होतं त्यांनी. बाकं वाजली का विचार म्हणाले."

"वाजली."

"किती वेळ?"

"बराच वेळ, मामी."

"सांगते मग." त्यांनी पानाची घडी केली, पिशवीत ठेवली आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "बूट घ्यायच्या आधी तुम्हाला विचारलं होतं त्यांनी. मला तेव्हाच सांगितलं होतं. ताई हो म्हणाल्या, म्हणाले."

मी मान खाली घातली. मला त्यांच्या चपला दिसल्या. उजवीचा अंगठा सुतळीने बांधला होता.

त्या निघाल्या तेव्हा दुपारच्या कामकाजाची घंटा सुरू झाली होती. दाराशी आता नवा माणूस असतो, हसरे साहेबांच्या गावचा. त्याने अदबीने बाजूला होऊन मामींसाठी दार धरून ठेवलं. तो सगळ्यांसाठीच धरतो.